एकाच नावाची दोन माणसं: बाळाचं नाव ठेवण्याआधी थोडं गणित

माझ्याच नावाचा आणखी एक माणूस आहे. आमची कधी भेट झालेली नाही, पण त्याचं ड जीवनसत्त्व कमी आहे आणि कोलेस्टेरॉल काठावर आहे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट एकदा माझ्या मेलवर येऊन पडला. वर नाव माझं, आडनाव माझं, वय माझ्यापेक्षा एक वर्षाने कमी. पहिलं पान वाचून मी हबकलो. दुसऱ्या पानावर रक्तगट दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण तो माझा नव्हताच. प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग तुम्ही यातले कोणते?"

याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. नाव सांगून उपयोग नव्हता.

परवा एका मित्राने होणाऱ्या बाळासाठी तीन नावांची यादी पाठवली तेव्हा तो फोन आठवला. यादीत प्रत्येक नावापुढे अर्थ होता, उच्चार किती सोपा हेही होतं. पण या आडनावाबरोबर हे नाव आणखी किती जण लावत असतील, हा विचार कुठेच नव्हता. तो सहसा कुणीच करत नाही. नावांचा गोंधळ झाला की आपण आईवडिलांच्या कल्पनाशक्तीला बोल लावतो किंवा कारकुनाला. खरा घोळ असतो आकड्यांचा.

## आडनावं आटत जातात

शंभर घरांचं एक गाव धरा. प्रत्येक घराचं आडनाव वेगळं आणि ते पुढे एकाच बाजूने जातं, म्हणजे बहुतेक ठिकाणी वडिलांकडून. पहिल्या पिढीतच काही घरांत मूल होणार नाही, काही घरांत आडनाव पुढे नेणारं कुणी नसेल. ती आडनावं तिथेच संपली. पुढच्या पिढीत आणखी काही जातील. लोकसंख्या तेवढीच राहिली तरी आडनावं कमीच होत जातात, कारण नवं आडनाव कुणी जन्माला घालत नाही. संगीतखुर्चीत एकदा उचललेली खुर्ची परत मांडत नाहीत, तसं.

हा प्रश्न गणिताच्या भाषेत १८७३ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी मांडला. मोठमोठ्या खानदानांची आडनावं नाहीशी होताना दिसत होती आणि खानदानी रक्तच कमजोर असावं, अशी कुजबुज चाले. गाल्टन यांना शंका आली की हा निव्वळ योगायोगाचाही खेळ असू शकतो. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती धर्मोपदेशकाने गणित सोडवलं आणि १८७४ मध्ये दोघांनी ते मिळून छापलं. गंमत म्हणजे वॉटसन यांचं उत्तर अर्धं चुकलं होतं. सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार, असा त्यांचा निष्कर्ष. प्रत्यक्षात आडनाव पुढे नेणारी मुलं सरासरी एकापेक्षा जास्त असतील तर काही आडनावं टिकतात आणि फोफावतात. पण फोफावणारी थोडी आणि विझणारी पुष्कळ, हे त्यांचं मूळ चित्र मात्र बरोबर होतं.

यात माणसाची हौसही भर घालते. राजाचं किंवा सरदाराचं आडनाव लावायला मिळालं तर कुणाला नको असतं? कोरियात असंच झालं. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियातल्या शंभरातल्या जवळपास ४५ जणांची आडनावं किम, ली आणि पार्क या तिनांत बसली. व्हिएतनाममध्ये साधारण तीनातला एक माणूस न्गुयेन. चीनमध्ये वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन ही पाचच आडनावं नोंदणीकृत लोकसंख्येपैकी ३० टक्क्यांहून जास्त लोकांची आहेत.

२०२४ मध्ये जपानमधून एक बातमी आली आणि जगभर फिरली. तोहोकू विद्यापीठातले प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी हिशेब मांडला की कायदा आहे तसाच राहिला तर २५३१ साली प्रत्येक जपानी माणसाचं आडनाव सातो असेल. तिथे नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, त्यामुळे प्रत्येक लग्नात दोनातलं एक आडनाव गळतं. आजचा वेग पाचशे वर्षं तसाच राहील असं धरून काढलेला हा आकडा आहे, तेव्हा तो भविष्य म्हणून घेऊ नये. पण दिशा बरोबर आहे.

## वही उघडली आणि नावं गोठली

युरोपात आटण्याला वेळच मिळाला नाही. तिथे कित्येक ठिकाणी आडनावं मुळातच थोडी होती. डेन्मार्कमध्ये पूर्वी मुलगा वडिलांचं नाव लावायचा. येन्सचा मुलगा तो येन्सन, नील्सचा तो नील्सन, आणि पुढच्या पिढीत ते बदलायचं. १८२८ मध्ये सरकारने हुकूम काढला की प्रत्येक घराने कायमचं एक आडनाव ठरवावं. बहुतेकांनी त्या वेळी चालू होतं तेच पक्कं केलं. बापांची प्रचलित नावं मोजकीच असल्यामुळे देशभर येन्सन, नील्सन आणि हान्सन झाले.

वेल्समध्येही बापाचं नाव असंच गोठलं आणि जोन्स, विल्यम्स, डेव्हिस यांची रांग लागली. १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर झुलू सैन्याशी ब्रिटिश तुकडीची जी लढाई झाली, तिथे रुग्णालयाच्या इमारतीतली एक खोली दोन शिपायांनी लढवली. दोघेही जोन्स. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दफ्तरात एक ५९३ विल्यम जोन्स, दुसरा ७१६ रॉबर्ट जोन्स. पलटणीत एवढे जोन्स की क्रमांकाशिवाय पुकारणंच अशक्य. शौर्यपदकाच्या यादीतही माणसाच्या नावाआधी आकडा, यातच सगळं आलं.

कधीकधी हा घोळ माणसांच्या आयुष्यात घुसतो. कोरियात एकच आडनाव आणि एकच मूळगाव असलेल्यांना आपसांत लग्न करायला कायद्याने बंदी होती. गिम्हे या मूळगावचे किम आज चाळीस लाखांहून जास्त आहेत. म्हणजे वीस-पंचवीस पिढ्यांत काडीचा संबंध नसलेली दोन माणसं प्रेमात पडली की कागदावर भाऊबहीण. १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली, तोवर कित्येक जोडपी नोंदणीविना राहिली.

## आडनाव सारखं, पण पहिलं नाव तर वेगळं असतं ना?

इथे एक जुनं कोडं उपयोगी पडतं. एका खोलीत किती माणसं जमली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बहुतेक जण १८० च्या आसपास सांगतात. उत्तर आहे २३. कारण आपण 'माझ्याशी कोण जुळेल' एवढंच मोजतो. प्रत्यक्षात प्रत्येकाची जोडी प्रत्येकाशी लागते आणि २३ माणसांत अशा २५३ जोड्या होतात.

हेच नावांना लावा. समजा प्रचारात ५०० नावं आहेत आणि सगळी सारखीच लोकप्रिय आहेत. तीस मुलांच्या वर्गात कुणातरी दोघांचं नाव एक असण्याची शक्यता शंभरात सुमारे ५९. आणि नावं सारखी लोकप्रिय कधीच नसतात, त्यामुळे खरी शक्यता याहून जास्तच.

आता पूर्ण नाव घ्या. आडनाव शंभरात एकाचं, नाव दोनशेत एकाचं. दोन्ही मिळून वीस हजारांत एक. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण दहा लाख वस्तीच्या शहरात त्या नावाची ५० माणसं निघतात.

## जन्मतारीख विचारली की संपलं?

मलाही असंच वाटायचं. पण नावांना हंगाम असतो. अमेरिकेत १९४७ या एका वर्षात जवळजवळ एक लाख मुलींचं नाव लिंडा ठेवलं गेलं. १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं तिथे मुलींमध्ये जेनिफर पहिल्या क्रमांकावर होतं. त्यामुळे नाव ऐकलं की वयाचा अंदाज येतो, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

मघाच्या त्या ५० माणसांचे जन्म सत्तर वर्षांत सारखे विखुरलेले असते, तर त्यातल्या दोघांची जन्मतारीखही तंतोतंत एक निघण्याची शक्यता शंभरात ५ च्याही खाली राहिली असती. पण नाव एखाद्या दशकातच गाजलं असेल आणि पन्नासच्या पन्नास त्या दहा वर्षांत जन्मलेले असतील, तर तीच शक्यता शंभरात सुमारे २९ वर जाते. माझ्या त्या नावकऱ्याचं वय माझ्याच आसपासचं निघालं, तो योगायोग नव्हता. आमच्या दोघांच्या आईवडिलांना एकाच हवेत एकच नाव सुचलं होतं.

## जगात कुणाचंच नसेल असं नाव ठेवलं तर?

ठेवा, पण दोन गोष्टी लक्षात घेऊन. आपल्याला आज नवं वाटणारं नाव इतरांनाही आजच नवं वाटत असतं. लिंडाच्या आयांना नाव ताजंच वाटलं असणार. आपण ज्या मालिका बघतो, जे खेळाडू पाहतो, ते शेजारीही पाहतात.

दुसरी गोष्ट कानाची. अमेरिकेत मध्यंतरी एडन, जेडन, ब्रेडन, केडन अशा नावांची लाट आली. यादीत चार वेगळी नावं, पण मैदानावरून हाक मारली की चारही माना वळणार. एका माळेचे मणी. नाव वेगळं आहे का हे कागदावर तपासून भागत नाही, तोंडाने ओरडून बघावं लागतं.

आणि खरोखरच एकमेव नाव सापडलं तर त्याचीही किंमत असते. ते आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर अक्षर-अक्षर सुटं करून सांगावं लागतं. शिवाय त्या नावाने काहीही शोधलं की तोच एक माणूस सापडतो. गर्दीत लपायची सोय सामान्य नावांनाच असते. मला तरी ती सोय थोडी हवीशी वाटते.

## स्पेलिंग बदलून चालेल?

हा उपाय सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात कुचकामी. एक जादा अक्षर घातल्याने नाव कागदावर वेगळं होतं, बोलताना नाही. आणि यंत्रं मुद्दाम असे फरक पुसतात. १९१८ मध्येच अमेरिकेत साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट दिलं गेलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. लिहिणाऱ्याने चूक केली तरी माणूस सापडावा, हा हेतू. या पद्धतीत रॉबर्ट आणि रुपर्ट यांचा संकेतांक एकच येतो. आजची नाव जुळवणारी यंत्रं कितीतरी हुशार आहेत, पण विचार तोच: थोडाफार फरक चूक समजून सोडून द्या.

सैल जुळवणीचा फटका कुणालाही बसतो. २००४ मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी संसदीय समितीसमोरच सांगितलं की त्यांना विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं गेलं, कारण संशयितांच्या यादीत त्यांच्याशी जुळणारं एक नाव होतं. देशातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, पण यादीला चेहरा दिसत नाही.

स्पेलिंग बदलण्याचा त्रास मात्र नक्की होतो. निम्मे लोक ते अक्षर विसरतात आणि मग एकाच मुलाच्या दोन कागदांवर दोन नावं होतात. दुसऱ्याशी गोंधळ टाळायला गेलो आणि मूल स्वतःशीच जुळेना.

## मग दोन आडनावं?

हा उपाय बऱ्यापैकी चालतो. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, परंपरेने आधी वडिलांचं आणि मग आईचं. पहिलं फारच सामान्य असेल तर लोक सरळ दुसऱ्याने ओळखतात. होसे लुईस रोद्रिगेझ झापातेरो पंतप्रधान झाले तेव्हा जग त्यांना झापातेरोच म्हणायचं, कारण रोद्रिगेझ कितीतरी. चित्रकार पाब्लोंच्या वडिलांचं आडनाव रुइझ, आईचं पिकासो. कोणतं टिकलं ते सांगायला नको.

थायलंडने वेगळाच रस्ता धरला. तिथे आडनावांचा कायदा १९१३ मध्ये आला आणि नव्याने नोंदवायचं आडनाव आधी दुसऱ्या कुणाचं असता कामा नये, असा आजही नियम आहे. परिणामी आडनावं लांबलचक झाली, पण एकच आडनाव दिसलं तर ती माणसं बहुधा नात्यातली असतात. रोज हाक मारायला मात्र सगळे आखूड टोपणनावच वापरतात. एका टोकाला सुटसुटीतपणा आणला की दुसऱ्या टोकाला तो द्यावा लागतो.

## घरातल्या घरात

खरं तर सगळ्यात जास्त गोंधळ अनोळखी माणसाशी होत नाही, घरात होतो. आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल जगात अनेक ठिकाणी आहे आणि त्यामागची माया मला कळते. पण आडनाव तेच, पत्ता तोच आणि नावही तेच झालं की पत्रं, औषधं, येणी-देणी सगळं एकमेकांत मिसळतं. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष बुश, बाप आणि मुलगा, दोघेही जॉर्ज. फरक मधल्या आद्याक्षरांचा. शेवटी त्यांना ४१ आणि ४३ म्हणायची पद्धत पडली, म्हणजे कितवे राष्ट्राध्यक्ष तो क्रमांक. रोर्क्स ड्रिफ्टचे शिपाई आणि व्हाइट हाउसमधले बापलेक शेवटी एकाच युक्तीवर आले. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांनी तर पाचही मुलग्यांची नावं जॉर्जच ठेवली. घरात अर्थातच टोपणनावं होती. त्याशिवाय जेवायला तरी कसं बोलावणार?

भावंडांच्या बाबतीत आद्याक्षर हा छुपा सापळा आहे. बऱ्याच याद्यांत नाव आखडून पहिलं अक्षर आणि आडनाव एवढंच उरतं. एकाच अक्षरावरून नावं ठेवलेली भावंडं तिथे एकच माणूस होतात. जुळ्यांची यमक जुळवणारी नावं तर मुळीच ठेवू नयेत असं माझं मत आहे. त्यांची जन्मतारीख, आडनाव आणि पत्ता आधीच एक असतो. वेगळं करायला हातात उरतं ते फक्त नाव, आणि तेच आपण सारखं करून टाकतो.

## आता तर प्रत्येकाला क्रमांक असतो

असतो, आणि त्याने फार मोठं काम होतं. सारख्या नावाच्या संशोधकांचे लेख एकमेकांच्या खात्यावर पडू नयेत म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक जगभर वापरतात. पण क्रमांक यंत्र वाचतं. माणूस नावच वाचतो. रात्रपाळीची परिचारिका पडद्यावर आधी नाव शोधते.

याचा स्वच्छ पुरावा नवजात बाळांच्या खोलीत मिळाला. जन्मल्यावर लगेच नाव ठरलेलं नसतं, म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयांत 'बेबीबॉय' किंवा 'बेबीगर्ल' आणि पुढे आडनाव अशी नोंद करायचे. शेजारी-शेजारी दोन पेट्या, दोन्हींवर जवळपास तीच पट्टी. क्रमांक वेगळा होताच, तरी एका बाळाची तपासणी किंवा औषध दुसऱ्याच्या नावावर लिहिलं जाई आणि मग घाईने मागे घ्यावं लागे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एवढंच केलं की त्या तात्पुरत्या नावात आईचं पहिलं नाव घातलं, म्हणजे 'वेंडीचीमुलगी' अशा थाटात. अशा चुका ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१९ पासून तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने नवजात बाळांना अशी वेगळी नावं देणं बंधनकारक केलं.

यंत्र नवं नाही, क्रमांक नवा नाही. फक्त नावात शेजारच्या पेटीपेक्षा वेगळा असा एक शब्द. सगळ्या जगाहून वेगळं नाव मिळणं अवघड आहे आणि त्याची गरजही नसते. ज्या यादीत ते बाळ नेहमी असणार आहे, म्हणजे घर, भावंडं, चुलत भावंडं, वर्ग, त्या यादीत ते वेगळं उठून दिसलं की बरंच काम झालं. आडनाव फार सामान्य असेल तर पहिलं नाव जरा कमी ऐकलेलं निवडा. आडनाव दुर्मीळ असेल तर साधं, गोड, घरोघरी ऐकू येणारं नावही बिनघोर चालेल. दोन्ही सामान्य असतील तर मधलं नाव द्या आणि पहिल्या कागदापासून प्रत्येक कागदावर ते पूर्ण लिहा, नुसतं आद्याक्षर नको.

मित्राला मी हेच सांगितलं. आडनावासकट तिन्ही नावं कागदावर लिहायला लावली, खाली मोठ्या मुलीचं नाव. मग सगळी आखडून फक्त आद्याक्षर ठेवायला सांगितलं. दोन नावं ताईच्या अक्षरात जाऊन मिसळली, ती खोडली. तिसरं नाव त्याने मला खूश करायला घातलं होतं, माझंच. तेही नको म्हटलं. आम्ही दोघं आहोत तेवढे पुरे.